कठड्याबाहेरची आई : अमेरिकेत मुलं हॉर्स शोमध्ये उतरली की घरच्यांनी काय करायचं

पहिल्याच शोमधून लेक लाल फीत घेऊन आली आणि आम्ही पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. आजीचा चेहरा पडला. "लाल? म्हणजे नापास का गं?" आमच्या प्रगतिपुस्तकांत लाल शाईचा उपयोग तेवढाच असायचा, त्यामुळे आजीचं काही चुकलं नव्हतं. अमेरिकेत निळी फीत पहिल्या नंबराची, लाल दुसऱ्या, मग पिवळी, पांढरी, गुलाबी आणि सहावी हिरवी. ब्रिटनमध्ये मात्र लाल पहिली आणि निळी दुसरी. हे तिला सांगताना माझ्या लक्षात आलं की आदल्या दिवशीपर्यंत मलाही यातलं काही ठाऊक नव्हतं.

मी स्वतः घोड्यावर बसले ती एकदाच, माथेरानला, तीही घोडेवाल्याने लगाम धरलेला असताना. आम्ही मेरीलँडला राहतो. लेक बारा वर्षांची असताना "आई, मला शो करायचाय" म्हणाली, आता ती सतराची आहे. ज्यांच्या घरात हे वाक्य नुकतंच उच्चारलं गेलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी कुठला शो, ते ठरवा

'हॉर्स शो' हा एकच खेळ नाही. हंटर प्रकारात घोडा पाहतात: त्याची चाल, उडी मारण्याची ढब, आठ-दहा अडथळ्यांच्या फेरीत वेग एकसारखा राहतो का. इक्विटेशनमध्ये स्वार पाहतात: बैठक, हात, घोड्याला किती कमी इशाऱ्यांत चालवतो. ही दोन्ही परीक्षकाच्या मतावर चालतात. जंपरमध्ये मताचा प्रश्नच नाही. दांडी पडली की चार दोषगुण आणि बाकी घड्याळ. ड्रेसाजमध्ये ठरलेल्या हालचाली करायच्या, प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण मिळतात आणि शेवटी टक्केवारी निघते. वेस्टर्न प्रकारात खोगीरच वेगळं. शोमनशिपमध्ये तर घोड्यावर बसायचंच नाही, त्याला हातात धरून नीट उभा करून दाखवायचा.

यातलं काय निवडायचं हे बहुतेक वेळा जवळच्या तबेल्यात काय शिकवतात यावर ठरून जातं. तरी निवडीला वाव असेल तर मुलाचा स्वभाव बघा. "मला का कमी गुण दिले?" या प्रश्नाने ज्याचा आठवडा खराब होतो, त्याला हंटर जड जातो. त्याच्यासाठी जंपर बरा, आकडा समोर असतो. आमची कन्या चिकित्सक आहे, तिला ड्रेसाजचा कागद फार आवडतो, कारण प्रत्येक हालचालीपुढे परीक्षकाने एक ओळ लिहिलेली असते. ती घरी येऊन तो प्रश्नपत्रिकेसारखा सोडवत बसते.

सुरुवात स्कूलिंग शोपासून करा. हे गावपातळीवरचे, कुठल्याही राष्ट्रीय क्रमवारीत न मोजले जाणारे शो असतात. कपड्यांचा फार आग्रह नसतो, प्रवेश फी कमी असते आणि चुका करायला जागा असते. यूएस इक्वेस्ट्रियन या राष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेचे शो त्यानंतर. मी तर म्हणेन, पूर्ण दोन वर्षं घाई करू नका.

घोडा विकत घेऊ नका, निदान अजून

आपल्या लोकांचं घोडं इथेच पेंड खातं. एक तर "घोडा? वेड लागलंय का?" म्हणून विषय बंद करतात, नाहीतर मुलीने रडून दाखवलं की थेट विकत घेतात. मधल्या वाटा पुष्कळ आहेत.

इंटरस्कोलास्टिक इक्वेस्ट्रियन असोसिएशन, म्हणजे आयईए, ही २००२ साली सुरू झालेली शालेय वयातल्या मुलांची संघ-स्पर्धा. इथे स्वतःचा घोडा लागत नाही. घोडे यजमान संघ पुरवतो, कोणाच्या वाट्याला कोणता ते चिठ्ठ्या टाकून ठरतं, आणि अनोळखी घोड्यावर फारसा सराव न करता सरळ रिंगणात जायचं. ऐकायला भीतीदायक वाटतं, पण किशोरवयातल्या मुलांना यासारखी दुसरी शाळा नाही. हरली तर "माझा घोडा वाईट" म्हणायची सोय थोडी कमी होते, आणि संघ असल्यामुळे एकटेपणाही कमी.

फोर-एच हे मुलांना प्रत्यक्ष कामातून शिकवणारे क्लब, विद्यापीठांच्या विस्तार सेवेमार्फत चालतात. त्यात मुलांना वर्षभराची नोंदवही ठेवावी लागते: चारा किती, नाल कधी, खर्च काय. काउंटी फेअरचा, म्हणजे जिल्ह्याच्या वार्षिक जत्रेचा, घोड्यांचा शो हा त्या वर्षाचा शेवट. पोनी क्लब १९५४ पासून अमेरिकेत आहे. तिथे स्वारीइतकंच घोड्याच्या देखभालीचं शिक्षण मिळतं आणि चढत्या श्रेणींच्या परीक्षा असतात. मला पोनी क्लबची शिस्त आवडते, पण शनिवार-रविवार दोन्ही जातात हे आधीच सांगून ठेवते. मराठी मंडळाचा गणपती तेवढा आम्ही हट्टाने धरून ठेवला.

यानंतरची पायरी लीज. अर्धी लीज म्हणजे आठवड्यातले ठरावीक दिवस घोडा तुमचा आणि खर्चाचा तेवढा वाटा तुमचा. पूर्ण लीज म्हणजे वर्षभर मालकासारखी सगळी जबाबदारी, फक्त कागदावर मालक दुसरा. करार लेखीच करा. घोडा लंगडला तर भाडं चालू राहणार का, मोठ्या आजारपणाचा खर्च कोणाचा, विमा कोणी काढायचा, किती उंचीपर्यंत उडी मारायची, शोला नेता येईल का, आणि संपवायचा झाला तर किती दिवसांची सूचना, हे प्रश्न करारात हवेत. पहिल्या लीजच्या वेळी मी यातला एकच विचारला होता. घोडा तिसऱ्याच महिन्यात लंगडला. आम्ही उरलेले महिने भाडं भरून त्याला गाजरं खाऊ घातली.

विकत घ्यायची वेळ आलीच, तर विक्रेत्याचा नेहमीचा पशुवैद्य सोडून दुसऱ्याकडून तपासणी करून घ्या. व्यवहारात ट्रेनरचं कमिशन असतं, त्यात गैर काही नाही, पण ते किती आणि कोणाकडून हे आधी विचारा. आणि वय बघून नाक मुरडू नका. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला चार वर्षांचा देखणा घोडा देण्यापेक्षा सोळा-सतरा वर्षांचा, शंभर शो पाहिलेला, जरा कंटाळलेला घोडा द्यावा. आमच्या बिस्किटला, म्हणजे सध्या लीजवर असलेल्या घोड्याला, लाउडस्पीकर, छत्र्या, रडकी बाळं कशाचंच काही वाटत नाही. तोच तिचा खरा गुरू.

पैसे मुलासमोर मोजा

हा खेळ महाग आहे आणि तो महाग नाही असं भासवण्यात अर्थ नाही. शिकवणीचा खर्च सगळ्यांना दिसतो. न दिसणारा असा: तबेल्याचं भाडं, दर सहा ते आठ आठवड्यांनी येणारा नालबंद, पशुवैद्य, लसी, दात घासून घेणं, शोची प्रवेश फी, तिथे घोडा ठेवायच्या कप्प्याचं भाडं, ट्रेलरने ने-आण, ट्रेनरची दिवसाची फी, आयाळीच्या वेण्या घालणाऱ्या बाईंचे पैसे. शिवाय खोगीर, कोट, बूट, आणि मुलं वाढतात तसे पुन्हा बूट.

आम्ही जानेवारीत जेवणाच्या टेबलावर वर्षाची रक्कम सांगतो आणि वाटप तिच्यावर सोडतो. एका मोठ्या शोऐवजी चार छोटे, की चार छोट्यांऐवजी एक मोठा, हे ती ठरवते. पहिल्या वर्षी तिने सगळं एप्रिलपर्यंत संपवलं आणि उन्हाळाभर कप्पे साफ करून दोन शोची फी उभी केली. वेण्या ती आता स्वतः घालते, आणि दुसऱ्यांच्या घोड्यांना घालून देऊन कमावतेही.

जुने कपडे, जुने बूट, जुनं खोगीर बिनधास्त घ्या, खोगीर घोड्याच्या पाठीला बसतं का हे जाणकाराकडून बघून. एकच वस्तू जुनी घ्यायची नाही.

ती वस्तू म्हणजे हेल्मेट

हेल्मेट नवीनच हवं, घोडेस्वारीसाठीच्या एएसटीएम या सुरक्षा-मानकाचं आणि ते तपासून प्रमाणित करणाऱ्या एसईआय संस्थेचा शिक्का असलेलं. सायकलचं चालत नाही. दुकानात जाताना केस जसे शोला बांधणार तसेच बांधून जा. अंबाड्यावर बसवलेलं हेल्मेट वेणीवर सैल होतं. डोक्यावर पडली की वरून तडा दिसो न दिसो, ते हेल्मेट बाद. काही कंपन्या अशा वेळी सवलतीत बदलून देतात, पावती जपून ठेवा.

पडणं होणारच. आपला प्रश्न पडल्यानंतरचा. या खेळात "पडलीस तर लगेच परत बस" ही जुनी मर्दुमकी अजून ऐकू येते. डोकं आपटलं असेल, मूल गोंधळलेलं असेल, तोच प्रश्न पुन्हा विचारत असेल, डोकं दुखतं किंवा मळमळतं म्हणत असेल, तर त्या दिवशी पुन्हा घोड्यावर नाही. ट्रेनर म्हणो, मैत्रिणी म्हणोत, ती स्वतः रडून म्हणो. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, न आवरणारी झोप दिसली तर थेट इमर्जन्सी. परत स्वारी डॉक्टरांनी लेखी परवानगी दिल्यावर आणि टप्प्याटप्प्याने. या एका बाबतीत घरात मतदान घेत नाहीत.

दुसरी सुरक्षितता मोठ्या माणसांपासूनची. तबेल्यात मुलं तासन्तास प्रौढांबरोबर असतात, प्रवास करतात, हॉटेलात राहतात. सेफस्पोर्ट या खेळाडूंना गैरवर्तनापासून जपणाऱ्या अमेरिकी संस्थेचे नियम वाचा: अठराखालच्या खेळाडूशी प्रौढाची भेट कोणालाही दिसेल आणि कोणीही मधे येऊ शकेल अशा जागी व्हावी, आणि फोनवरच्या संदेशात पालक किंवा दुसरा प्रौढ असावा. आमच्या ट्रेनरबरोबर सुरुवातीपासून तिघांचा गट आहे. चांगल्या ट्रेनरला याचा राग येत नाही. राग आला, तर तबेला बदला.

वजनाबद्दलही इथेच बोलते. घट्ट ब्रीचेस (स्वारीची विजार), मोठे आरसे आणि "घोड्याला भार होतो" असल्या शेऱ्यांमध्ये ही वयाची मुलं वावरतात. घरी तरी त्यांच्या अंगाबद्दल कोणी बोलू नये. आपल्याकडे तर "जाड झालीस" हा नमस्कारासारखा शब्द आहे, म्हणून मावश्यांना आधीच बजावून ठेवा.

कागदांची पिशवी

गाडीत एक प्लास्टिकची फाईल कायम असू द्या. त्यात कॉगिन्स तपासणीचा अहवाल, म्हणजे घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयासाठीची रक्ततपासणी. साधारणपणे वर्षभरातली चालते, पण राज्य आणि शो यांचे नियम बघा. राज्याची सीमा ओलांडणार असाल तर पशुवैद्याचं आरोग्य प्रमाणपत्र, जे सहसा तीस दिवस चालतं. महासंघाच्या शोला इन्फ्लुएन्झा आणि हर्पीसच्या लसी गेल्या सहा महिन्यांत दिल्याचा पुरावा लागतो. मुलाचं वय कोणत्या तारखेला मोजतात हेही संस्थेनुसार बदलतं. चुकीच्या गटात अर्ज भरू नका.

प्रवेशअर्जावर 'ट्रेनर' म्हणून सही करण्यापूर्वी थांबा. त्या सहीचा अर्थ घोड्याच्या अंगात सापडणाऱ्या औषधांची जबाबदारी तुम्ही घेतली. ट्रेनर हजर असेल तर सही त्यांची. आणि निषिद्ध पदार्थांत कॅफीन आणि चॉकलेटमधलं थिओब्रोमीनही येतं, तेव्हा बिस्किटला चहात बुडवलेलं बिस्कीट देण्याचा मोह आजोबांना आवरायला लावा. आमच्याकडे हे खरंच घडत होतं, सुदैवाने शोला नाही.

शोचा दिवस

आदल्या रात्री घोड्याची आंघोळ, खरारा, खोगीर-लगामाची सफाई, सगळं लेक करते. मी करत नाही. हे मुद्दाम लिहितेय, कारण दमलेल्या पोरीकडे बघून हात शिवशिवतात. माझं काम पिशवी: दोन केसांच्या जाळ्या, सेफ्टी पिना, बुटाचं पॉलिश, जुनी फडकी, जास्तीचे हातमोजे, सनस्क्रीन, माश्यांचा फवारा, घडीची खुर्ची, पावसाळी कोट. चप्पल-सँडल घालून कोणी यायचं नाही. पाचशे किलोचा प्राणी पायावर उभा राहिला तर तो मुद्दाम करत नाही, पण उतरायची घाईही करत नाही.

पोचल्यावर आधी शोचं ऑफिस, पाठीवर बांधायचा नंबर घ्यायचा, मग गेटवरच्या फळ्यावर क्रम बघायचा. वेळापत्रकावर विसंबू नका. अकराचा क्लास, म्हणजे स्पर्धेतला एकेक गट, साडेनऊला लागतो किंवा दोनला. माणसं गळतात, वाढतात. म्हणून खाणं घड्याळाला बांधू नका. घाबरलेलं मूल जेवत नाही. दशमीचा तुकडा, राजगिऱ्याचा लाडू, केळं, असं घासाघासाने पोटात जाऊ द्या. पाणी मागे लागून द्या. तो काळा लोकरीचा कोट उन्हाळ्यात काय करतो ते तुम्हालाही जाणवेल.

सराव-रिंगणात ट्रेनरचा आवाज एकटाच असला पाहिजे. मी कठड्यावरून एकदा "टाचा खाली!" ओरडले. बरोबर सांगितलं होतं की नाही कोण जाणे, पण तिने माझ्याकडे पाहिलं आणि घोड्याने तिच्याकडे, आणि दोघंही अडथळ्याला चुकली. ड्रेसाजमध्ये बाहेरून अशी मदत केली तर स्वारच बाद होतो. गेटजवळ मी बूट पुसते, हेल्मेटचा पट्टा बघते आणि बाजूला होते. तिला बोलायचं असेल तर ऐकते. बहुतेकदा तिला कोर्स, म्हणजे अडथळ्यांचा क्रम, मनात घोळवायचा असतो, "निळा, कर्णावर, ऑक्सर (म्हणजे रुंद, दुहेरी दांड्यांचा अडथळा), वळण", आणि त्या वेळी माझं "ऑल द बेस्ट" सुद्धा अडथळा असतो.

फेरी चालू असताना छत्री उघडू नका, फ्लॅश मारू नका, टाळ्या शेवटी. व्हिडिओ आडवा धरून काढा आणि तोंड बंद ठेवा. आमच्याकडचे पहिल्या वर्षाचे सगळे व्हिडिओ माझ्या "अगं बाई... अगं बाई..." वर वाजतात आणि ट्रेनर ते आवाज बंद करून बघतात.

फेरी संपली की आधी घोडा. तंग सैल, चालवत फिरवणं, पाणी. गरम घोड्याला पाणी देऊ नये असं जुने लोक सांगतात. ते खरं नाही, त्याला पिऊ द्यावं. मुलीला फीत मिळो न मिळो, ही कामं तिचीच. रागावून लगाम माझ्या हातात फेकून निघून जाणं आमच्याकडे एकदाच झालं. पुढचे दोन शो आम्ही रद्द केले, फी परत मिळाली नाही, आणि ते पैसे मला कधी वाया गेल्यासारखे वाटले नाहीत.

गाडीतला परतीचा प्रवास

फेरी कशी झाली हे तिला माहीत असतं. आपण विचारायचा पहिला प्रश्न मला एका अनुभवी आईने शिकवला: "बिस्किट कसा होता आज?" त्यावर गाडी सुरू होते. "तो मस्त होता, मीच पाचव्याला घाई केली." विश्लेषण तिथून तीच करते. "तू का घाई केलीस?" असं विचारलं असतं तर हेडफोन कानात गेले असते.

परीक्षकाचं मत पटलं नाही तर त्यांच्याकडे तावातावाने जाऊ नका. नियमाचा प्रश्न असेल तर स्टुअर्ड, म्हणजे नियमांवर लक्ष ठेवणारे अधिकारी, असतात. मताचा प्रश्न असेल तर परीक्षक तेवढ्याचसाठी पैसे घेतात.

आणि महागड्या घोड्यांचा विषय निघतोच. "तिच्याकडे असा घोडा आहे म्हणून ती जिंकते." यात तथ्य असतं, ते नाकारू नका. हंटरमध्ये घोड्याची चालच मोजतात, आणि चांगली चाल विकत मिळते. आम्ही ते मान्य केलं, आणि ध्येयं फितीवरून हलवली: आठही उड्यांनंतर वळताना घोड्याने वळणाच्या आतल्या बाजूचा पाय पुढे टाकला का, अडथळ्यांच्या शेवटच्या रांगेत वेग तोच राहिला का. ती स्वतःची स्वतः वहीत लिहून ठेवते, शोच्या आधी. मी ती वही न विचारता उघडत नाही.

कॉलेजबद्दल थोडक्यात: काही विद्यापीठांत मुलींचे विद्यापीठ-संघ आहेत, शिष्यवृत्त्याही आहेत, पण त्या हिशोबावर घोड्याचा खर्च काढू नका. १९६७ पासूनची आयएचएसए ही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जास्त जवळची, त्यात नवशिक्यांनाही गट आहे आणि घोडे यजमानाचेच असतात. शाळेचं वेळापत्रक आणि शोचं वेळापत्रक ऑगस्टमध्येच एका कॅलेंडरवर मांडा, परीक्षेच्या आठवड्यात शो नाही.

लीज संपते तेव्हा

याची तयारी कोणी करून देत नाही. बिस्किटची लीज येत्या नोव्हेंबरला संपतेय, लेक कॉलेजला जाणार, आणि त्याच्यावर आता एक अकरा वर्षांची मुलगी शिकणार आहे. आम्ही तारीख वर्षभर आधी तिला सांगितली. शेवटच्या महिन्यात शो ठेवलेला नाही, नुसती रपेट. त्याच्या शेपटीचे चार केस तिने वेणी घालून ठेवलेत. नव्या मुलीसाठी ती दोन पानांची सूचना लिहितेय: डाव्या बाजूने कान झाकू नकोस, पाऊस आला की तो दारापाशी उभा राहतो, गाजरं तुकडे करून दे. मी ती वाचून दुरुस्त करू का विचारलं. नको म्हणाली.